एनॉक शॉरॉकच्या हातातलं घड्याळ

जानेवारीच्या वाऱ्यात आमच्या पबची पाटी पडली. कोणाच्या डोक्यात पडली नाही म्हणून माझ्या मेहुणीने, एडनाने, देवाचे आभार मानले आणि गॉर्डनने वाऱ्याचे.

मी तेव्हा तळघरात बिअरच्या पिंपाची तोटी बदलत होतो. वर गाडी आदळल्यासारखा आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर पाटीवरचा एनॉक शॉरॉक रस्त्यावर उताणा, दुर्बीण आभाळाकडे. लोखंडी दांडा भिंतीला तसाच होता, पण पाटीची फळी मधोमध उभी फाटली होती. बावीस वर्षं रॅम्सक्लफचा पाऊस खाल्लेलं लाकूड. दुरुस्त होण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गॉर्डन आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. माझा मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे. पण खूश असला की तो लहानपणीसारखा खालचा ओठ चावतो. ते मला दिसलं.

"बाबा, आता तरी बोलूया," तो म्हणाला. "नवीन पाटी करायचीच आहे, तर बुल हे जुनं नाव परत आणू."

मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझी बायको मेव्हिस जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते आणि दहा महिने मी याच दोन शब्दांच्या मधे राहत होतो.

माझ्या आजोबांनी हा पब घेतला तेव्हा त्याचं नाव ब्लॅक बुल होतं. वडिलांच्या काळातही तेच. शहाऐंशी साली मेव्हिसने ते बदलून एनॉक शॉरॉकचं नाव लावलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी वरच्या गल्लीत राहणारा हा एक हातमागवाला. या खोऱ्यात दुर्बिणीला डोळा लावणारा पहिला माणूस तोच. भिंग त्याने स्वतः घासलं होतं. मेव्हिस सहा महिने दर बुधवारी बस पकडून ब्लॅकबर्नच्या ग्रंथालयात गेली आणि त्याच्या वह्या हाताने उतरवून आणल्या. मी त्या कधी वाचल्या नाहीत. मी बिअर ओतत होतो.

पाटी रंगवणारा डकवर्थ सोमवारी चार वाजता माप घ्यायला आणि मजकूर विचारायला येणार होता. सोमवारी आम्ही बंद असतो. म्हणून गॉर्डनने सगळ्यांना सोमवारी दुपारच्या जेवणाला बोलावलं. सगळे म्हणजे पाच जण. ज्याने या बारमागे एक अख्खा हिवाळा काढला त्याला एक मत, असा आजोबांचा नियम आहे. मी, गॉर्डन, त्याची बायको लिन, लीड्सहून माझी मुलगी रूथ, आणि समोरच्या घरातून मेव्हिसची थोरली बहीण एडना. एडनाने तीस वर्षं आमच्याकडे पेले धुतले आणि लग्न केलं नाही. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असं ती म्हणते.

मत देण्याची पद्धतही आजोबांचीच. त्यांचं आणि त्यांच्या भावाचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं, पण पब दोघांचा. तेव्हा त्यांनी डॉमिनोच्या सोंगट्या काढल्या. सोंगट्या टेबलावर उघड्या पसरायच्या. प्रत्येकाने दोन उचलायच्या, एक सम ठिपक्यांची, एक विषम. सम म्हणजे होय, विषम म्हणजे नाही. एक मूठ झाकून बिअरच्या मगात टाकायची, दुसरी पेटीत. सगळ्यांचं झालं की तो मग उपडा करायचा आणि मोजायचं. कोणी काय टाकलं ते विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, कधीच नाही. आमच्या घरात लोकांनी एकमेकांना बरंच काही विचारलं आहे, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

*

रूथ सकाळीच आली आणि सरळ मागच्या अंगणात गेली. पाटीचे दोन तुकडे तिथे भिंतीशी ठेवले होते. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. गॉर्डनला विचारलं तेव्हा त्यानेही तेच सांगितलं, फक्त स्वतःच्या वाक्यांचा आवाज कमी करून.

"दिसतोय बिचारा," रूथ म्हणाली. एनॉकचा चेहरा एका तुकड्यावर होता आणि हात दुसऱ्यावर. एका हातात दुर्बीण, दुसऱ्यात साखळीचं सोनेरी घड्याळ.

"बिचारा तो नाही, बिचारा मी," गॉर्डन म्हणाला. "टॅक्सीवाला फोनवर विचारतो, नाव काय. मी स्पेलिंग सांगतो. तो म्हणतो, म्हणजे बुल का? खोऱ्यात अजून सगळे बुलच म्हणतात, रूथ. तू लीड्समध्ये बसून एनॉक एनॉक करतेस."

"आईने ठेवलंय ते नाव."

"आईने पडदेही निवडले होते. ते मी मागच्या वर्षी बदलले. तेव्हा नाही आलीस धावत."

"पडद्यांसाठी ती सहा महिने बसने गेली नव्हती."

गॉर्डन पाटीच्या तुकड्यावर बसला. मग ते एनॉकचं पोट आहे हे लक्षात आलं, तसा उठला. "हे बघ, मला आईचा राग नाही. पण पबमध्ये सिगारेटला बंदी आल्यापासून मंगळवारी-बुधवारी आत सात माणसं असतात, त्यातले दोन फक्त उबेला येतात. पणजोबांनी घेतला तो बुल चालत होता. मला काहीतरी चालणारं हवंय. एवढंच."

"आणि बाबा?"

"बाबा माझ्या बाजूने आहेत."

"ते तसं म्हणाले?"

रूथच्या मते तो तेव्हा ओठ चावत होता.

तो तसं समजत होता याला कारण मी होतो. मेव्हिसला पुरून आलो त्या संध्याकाळी मी नेहमीपेक्षा जास्त प्यायलो. तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी कोणालाच सांगायची नसते. शहाऐंशी साली मतं तीन-दोन पडली होती. सगळे समजत होते की मेव्हिस, एडना आणि मी होय म्हणालो, आणि माझी आई आणि भाऊ स्टॅन नाही. तसं नव्हतं. स्टॅनने सम टाकली होती. आमच्या आईने आणि मी विषम.

माझे वडील त्याच हिवाळ्यात गेले होते. त्यांच्या डोक्यावरची पाटी उतरवायला माझा हात धजला नाही. आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटत होती. गिऱ्हाईकं आधीच म्हणत होती, विल्फच्या बायकोला चंद्र लागलाय. मी बायकोविरुद्ध मत दिलं आणि बावीस वर्षं तिच्याशेजारी झोपलो. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

*

स्वयंपाकघरात लिन आणि एडना होत्या. तिथलं बोलणं लिनने मला सांगितलं, आठवडाभराने, पेले पुसताना.

हॉटपॉटवर, म्हणजे भट्टीत शिजवायच्या मटणावर, रचायचे बटाटे एडना कापत होती. तिच्या चकत्या इतक्या पातळ असतात की त्यातून वर्तमानपत्र वाचता येईल.

"मावशी, तुम्ही कोणत्या बाजूने?" लिनने विचारलं.

"मी एकोणऐंशीची आहे. मी खुर्चीच्या बाजूने."

"खरं सांगा."

"ते विचारायचं नसतं. चौदा हिवाळे झाले तुला इथे, माहीत नाही?"

लिनने भांड्यात मटण आणि कांदे घातले. मग एकदम बोलली, भांड्याकडे बघतच. "चौदा वर्षं लोक मला विचारतात, एनॉक कोण, मालक का? मी सांगते, दुर्बीणवाला. पुढे विचारलं की मी म्हणते, सासूबाईंना विचारा. आता तेही म्हणता येत नाही. ज्याच्याबद्दल मला एक वाक्य माहीत नाही, त्याच्या नावाखाली मी उभी असते. आईंनी मला कधी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"नाही."

"तीही वाट बघत बसली असेल. दोघी सारख्याच." एडनाने सुरी पुसली. "तुला एक सांगू? त्या पाटीवरचं घड्याळ चुकीचं आहे. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. हातमागवाल्याकडे कुठलं आलंय घड्याळ."

"मग तो तारे बघून वेळ कशी लिहायचा? सासूबाई म्हणायच्या, सगळं काम वेळेचं होतं."

"हे विचारलंस," एडना म्हणाली. "उशिरा विचारलंस, पण विचारलंस. ते बटाटे इकडे दे."

*

दोन वाजता बसलो. बारसमोरचं मोठं टेबल, शेकोटी पेटलेली. हॉटपॉट, सोबत व्हिनेगरमध्ये मुरलेला लाल कोबी. मेव्हिसची खुर्ची रिकामी ठेवायची की काढायची हे कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून एडना तिच्यावर जाऊन बसली. बरं झालं.

जेवताना रस्ते, गुडघे आणि डकवर्थच्या बापाचं आजारपण यावर बोलणं झालं. कोबी संपला तेव्हा गॉर्डनने डॉमिनोची पेटी काढली.

"मी एकदाच बोलतो," तो म्हणाला. "बुल हे या घराचं नाव आहे. आईचं चुकलं असं मी म्हणत नाही. आईची हौस होती, आपण ती बावीस वर्षं पुरवली. आता आई नाही. प्रश्न असा की बुल परत आणायचा का? सम म्हणजे होय. संपलं."

"हौस," रूथ म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"मी काही म्हणणार नाही. मी वाचून दाखवणार आहे." तिने पिशवीतून मेव्हिसची वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची. मला ती वही लांबून ओळखू आली. सहा महिने ती आमच्या पलंगाशेजारी होती.

गॉर्डनला वाटलं आता रडारड होणार आणि मत हातचं जाणार. तो वाईट मुलगा नाही, पण घाईत माणूस हाताला लागेल ते फेकतो. "वाचून काय होणार? बाबांनी तरी कुठे होय म्हटलं होतं? शहाऐंशीला बाबांनी विषम टाकली होती. विचार त्यांना."

गॉर्डनचं तोंड लाल झालं. आपण काय मोडलं ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. त्याच्या पणजोबांच्या काळापासून कोणी जे केलं नव्हतं ते त्याने केलं होतं, आणि ते त्याला सांगून मी त्याच्या आधी केलं होतं.

"बाबा?" रूथ म्हणाली.

"खरं आहे," मी म्हटलं.

"आईला माहीत होतं?"

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"होतं," एडना म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती शेवटचा बटाटा काट्यावर घेत होती.

"त्या पाच-चारच्या सोंगटीचा कोपरा उडालाय," ती म्हणाली. "विल्फ, तू आयुष्यभर विषम म्हणून तीच उचलतोस. मग मत टाकेपर्यंत अंगठ्याने तो कोपरा घासत बसतोस. मेव्हिस तुझ्या शेजारी बसली होती. तो मग उपडा केला तेव्हा पाच-चार टेबलावर आली. तिला काय, मांजरालाही कळलं असतं."

"ती मला कधी बोलली नाही."

"विचारायचं नसतं ना. तुमच्या आजोबांचा नियम." तिने बटाटा खाल्ला, सावकाश. "मला बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, एडना, तो माझ्या विरुद्ध गेला. मी म्हटलं, मग आता काय करशील? ती म्हणाली, काय करणार, खिडकीतून बघ. बघितलं तर तू शिडीवर. नवीन पाटीसाठी दांडा घासत होतास. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत काळा रंग देऊन मोकळा. मेव्हिस म्हणाली, हरल्यावर शिडी काढणारा माणूस मला मिळालाय, मला मताचं काय करायचंय."

मी पाणी प्यायलो. ग्लास ठेवला.

बावीस वर्षं मी एक गोष्ट लपवून ठेवली होती, आणि जिच्यापासून लपवली तिला ती पहिल्या सकाळपासून माहीत होती. असं कळल्यावर माणसाला ओशाळं वाटायला हवं. मला तसं वाटलं नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा माझी पाठ खुर्चीला टेकली.

"फक्त एका गोष्टीवर चिडली होती," एडना म्हणाली. "घड्याळावर."

"कुठलं घड्याळ?"

"पाटीवरचं. थोरल्या डकवर्थला तूच सांगितलंस ना, हातात घड्याळ दे, रुबाबदार दिसेल?"

सांगितलं होतं. मेव्हिस त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. हरलोच आहोत तर पाटी निदान चांगली व्हावी असं मला वाटलं. शास्त्रज्ञ माणूस, तारे बघणारा, त्याच्या हातात घड्याळ नको? मी माझ्या वडिलांचं घड्याळ डकवर्थसमोर ठेवलं होतं, नमुना म्हणून.

"मग चूक काय त्यात?" मी विचारलं.

आणि उत्तर लिनने दिलं. गॉर्डनने मान वळवून तिच्याकडे बघितलं, कारण त्याच्या हिशेबात ती त्याच्या बाजूची होती.

"त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, बाबा. त्याची बायको होती. हॅना." लिन हळू बोलते, पण तेव्हा स्पष्ट बोलली. "चंद्र सरकत सरकत एखाद्या ताऱ्याला झाकतो, तो क्षण त्याला लिहायचा असायचा. तो वर छपराच्या खिडकीशी दुर्बीण लावून बसायचा. खाली हॅना मागावर. चर्चची तासाची घंटा वाजली की ती विणायला लागायची. धोटा टाकायचा, फणी ठोकायची, धोटा टाकायचा, फणी ठोकायची. रात्रभर एका चालीत. तो ठोके मोजायचा. तारा दिसेनासा झाला की आकडा लिहायचा. घंटेनंतर आठशे बारावा ठोका. असं."

"चाल बदलली तर?" गॉर्डनने विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं, पण तो यंत्रांचा माणूस आहे, राहवलं नाही.

"पुढची घंटा वाजेपर्यंत एकूण ठोके मोजून ताडून बघायचा," रूथने वही उघडली. "इथे लिहिलंय. तासाला तीन हजार सहाशे ठोके हवेत. हॅना कधी दहा पुढे, कधी दहा मागे. एका ठिकाणी त्याने लिहिलंय, हॅनाला खोकला, आजचे आकडे सोडून द्यावेत. सत्तावीस वर्षं, गॉर्डन. लंडनच्या विद्वानांनी त्याला एकदा पत्र लिहून विचारलं की तुमच्याकडे कुठल्या कारागिराचं घड्याळ आहे."

"काय उत्तर दिलं?"

"घरचंच आहे, म्हणाला."

एडना हसली. मग गॉर्डनही हसला, नाकातून.

"शेवटचं पान वाच," एडना म्हणाली. "मेव्हिस मला तेच दाखवायची."

रूथने पानं उलटली. मेव्हिसचं अक्षर मोठं, उजवीकडे झुकलेलं. रूथने वाचलं, "नोव्हेंबरची चौथी. आकाश स्वच्छ. चंद्र वेळेवर आला. मोजायला काही नाही."

"पुढे?" लिनने विचारलं.

"पुढे नाही. हॅना ऑक्टोबरात गेली."

मी चाळीस वर्षं या बारमागे उभा राहिलो आणि रात्री घड्याळाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. अकराला दहा कमी असताना मेव्हिस घंटा वाजवायची, पब बंद होतोय, शेवटचे पेले मागा, आणि मी ते ओतून तोटी बंद करायचो. ती गेल्यावर पहिल्या शनिवारी साडेअकरा वाजले तरी मी ओततच होतो. शेवटी लिनने येऊन घंटा वाजवली. तेव्हापासून तीच वाजवते. त्या टेबलावर मला कळलं की एका माणसाने हे एका ओळीत लिहून ठेवलं होतं, आणि माझ्या बायकोने ती ओळ हाताने उतरवून माझ्या पलंगाशेजारी ठेवली होती.

"सोंगट्या पसर," मी गॉर्डनला म्हटलं.

त्याने पसरल्या. प्रत्येकाने दोन उचलल्या. मी सहा-सहा घेतली आणि पाच-चार घेतली. कोपरा घासत बसलो नाही. माझी पाळी पहिली नसते, वयाने एडना पहिली. पण मी तो मग जवळ ओढला. पाच-चार मूठ न झाकता उघडी धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि आत टाकली.

"बाबा, असं नसतं करायचं," गॉर्डन म्हणाला.

"माहीत आहे. शहाऐंशीला हीच एनॉकविरुद्ध टाकली होती, झाकून. आज बुलविरुद्ध, उघडी टाकतो. तुम्ही तुमच्या झाका."

त्यांनी झाकल्या. गॉर्डनने तो मग उपडा केला. पाच सोंगट्या. चार विषम, एक सम. सम कोणाची ते कोणी विचारलं नाही. गॉर्डनने लिनकडे बघितलं, लिन ताटं उचलत होती.

"चार," तो म्हणाला. "ठीक आहे."

"पण एक अट," लिन दारातून म्हणाली. "आत भिंतीवर हे सगळं लिहून लावायचं. मला लोकांना सांगता आलं पाहिजे. हॅनाबद्दलही. आणि मंगळवारी त्या सात जणांनाही सांगणार आहे मी, ऐकायचं असो नसो."

"उबेला आलेल्या दोघांना दोनदा सांग," एडना म्हणाली.

*

डकवर्थ चारला आला. थोरला नाही, त्याचा मुलगा. तोही आता पन्नाशीचा. कानामागे पेन्सिल, हातात टेप. त्याने अंगणात जाऊन बापाचं काम बघितलं, फाटलेल्या फळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, सोनेरी रंग अजून टिकलाय.

"नाव तेच," पुढच्या दाराशी आल्यावर मी सांगितलं. "घड्याळ काढायचं."

"बाबा म्हणतात, ते घड्याळ त्यांनी रंगवलेलं सगळ्यात चांगलं घड्याळ होतं."

"असेल. त्यांना सांग, चूक माझी होती. एनॉक खिडकीशी, दुर्बीण लावून. त्याच्यामागे त्याची बायको, मागावर बसलेली. तीही तेवढीच मोठी, लहान काढू नकोस."

त्याने लिहून घेतलं. "ती वर बघतेय का?"

"नाही. ती तिच्या कामाकडे बघतेय."

"आणि तो?"

"तो वर बघतोय. पण ऐकतोय तिला."

डकवर्थने पेन्सिल थांबवली. "विल्फकाका, ऐकतोय हे मी कसं रंगवू?"

"कान मोठा काढ," एडना मागून म्हणाली. "नमुना पाहिजे तर हा समोर उभा आहे."

डकवर्थने माझ्या कानाकडे खरंच बघितलं, आणि काहीतरी लिहिलं. मग टेप उलगडून दारावरच्या दांड्याकडे मान वर केली. "दोन माणसं म्हणजे फळी रुंद लागणार. दांडा पेलेल का? गंज बराच दिसतोय."

मी उत्तर द्यायच्या आत मागे काहीतरी खरडल्याचा आवाज आला. गॉर्डन अंगणातून शिडी ओढत आणत होता. कोटाच्या खिशातून तारेचा ब्रश डोकावत होता. काळ्या रंगाचा डबा काखेत. त्याने शिडी भिंतीला लावली, दोनदा हलवून बघितली, आणि कोणाकडे न बघता वर चढला. गंजाचा चुरा खाली पडायला लागला.

एडना उंबऱ्यात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या तिच्या स्वतःच्या खिडकीकडे बघत होती.

मी जाऊन शिडी धरली.